मार्थेची साक्ष : ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

‘स्मृतिचित्रे’ सुरू होते ती एका फाशीपासून. लक्ष्मीबाई टिळकांच्या आईचे वडील १८५७च्या धामधुमीत फासावर गेले आणि त्या धक्क्याने त्यांच्या जावयाच्या, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या, डोक्यात सोवळ्याचे वेड शिरले. दुसऱ्या कुणी इथे बंडाची हकिगत रंगवली असती. लक्ष्मीबाई मात्र दोन-चार वाक्यांत फाशीच्या खांबापासून निघून घरातल्या पाण्याच्या घागरींपाशी येऊन पोचतात. वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, घरी बाहेरून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय आत यायचा नाही. धान्याचे ठीक आहे, पण मीठ-साखरेचीही त्यातून सुटका नव्हती. वाचणारा खो खो हसतो. दोन पाने पुढे गेल्यावर त्याच्या ध्यानात येते की, हे वेड घरातल्या बायकामुलांनी उठता-बसता सोसलेले आहे. लेखिकेने मात्र एकदाही ‘आम्ही सोसले’ म्हटलेले नसते.

या पुस्तकावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मराठीतल्या श्रेष्ठ आत्मचरित्रांत त्याची गणना होते, विजया मेहतांनी दूरदर्शनसाठी त्यावर चित्रपट केला, शालेय पाठ्यपुस्तकांतून त्यातले गमतीचे उतारे पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. विक्षिप्त कवी-नवरा आणि त्याची खमकी, हजरजबाबी बायको, अशी एक सोयीची ओळखही ठरून गेली. ती खोटी नाही. पण या पुस्तकाकडे श्रद्धेचे पुस्तक म्हणून पाहणारे थोडे. मला ते मराठीतले ख्रिस्ती विश्वासावरचे सर्वांत खरे पुस्तक वाटते, आणि ज्या गोष्टींमुळे ते धार्मिक वाटत नाही त्याच गोष्टींमुळे इतके खरे वाटते.

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत ‘साक्ष’ देण्याची जुनी रीत आहे. उपासनेत कुणीतरी उठून सांगतो की मी असा होतो, मग प्रभू भेटला, आता मी तसा आहे. या सांगण्याचा साचा फार जुना, थेट दिमिष्काच्या वाटेवर कोसळलेल्या पौलापर्यंत जाणारा. आपल्याकडे बाबा पदमनजींनी आत्मचरित्राला ‘अरुणोदय’ हे नाव दिले, त्यातच तो साचा आहे : रात्र सरली, उजाडले. लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक यांची गोष्टही याच साच्यात नीट बसते. १८९३ साली राजनांदगावच्या आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियनाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. पुढे ते म्हणत की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोचलो. गाडी, ग्रंथ, भाकीत आणि पूल. कीर्तनकाराला याहून चांगले आख्यान कुठे मिळणार?

तीच गोष्ट लक्ष्मीबाई घराच्या आतून सांगतात, आणि आतून ती अगदीच निराळी दिसते. नवरा बाटला. पदरी लहानगा दत्तू. कुंकू आहे पण नवरा नाही, विधवा नाही पण सवाष्णींच्या पंगतीतही जागा नाही. नातेवाईक सांत्वन करतात, उपदेश करतात, पाळत ठेवतात. बहीण भिकूताई आणि तिच्या घरची माणसे आधार देतात, त्यांच्याबरोबर लक्ष्मीबाई पंढरपूरला राहतात. इथे एक गंमत आहे आणि लेखिका ती मुद्दाम उचलून दाखवत नाही : नवरा तुकारामाच्या पुलावरून पलीकडे गेला, आणि बायको त्याच तुकारामाच्या पंढरीत अलीकडच्या काठावर पोर कडेवर घेऊन उभी आहे. विठोबाचे गाव दोघांच्या वाट्याला आले, पण एकाला ती वाट झाली आणि दुसरीला मुक्काम.

पुस्तकाचा हा भाग मी सर्वांत जास्त वेळा वाचला आहे, आणि लेखिकेचे खरे बळ मला इथे दिसते. हे लिहिताना लक्ष्मीबाई साठी ओलांडलेल्या आहेत. पुस्तक १९३४पासून चार भागांत आले आणि शेवटचा भाग हातावेगळा होण्याआधीच, १९३६ साली, त्या गेल्या. म्हणजे लिहिणारी बाई स्वतः कित्येक वर्षे ख्रिस्ती आहे, कीर्तने केलेली आहे, रेव्हरंड टिळकांची पत्नी म्हणून महाराष्ट्रभर मान मिळवलेली आहे. पुढे काय झाले ते तिला ठाऊक आहे. तरीही ती त्यातले काही मागच्या लक्ष्मीला देत नाही. पंढरपूरच्या त्या बाईला कसलाही प्रकाश दिसत नाही, दैवी योजनेची चाहूल लागत नाही, ‘देवाने हे सारे माझ्या भल्यासाठीच घडवले’ असे वाक्य तिच्या तोंडी येत नाही. तिला नवऱ्याचा राग आहे, त्याची ओढ आहे, धर्म बुडाल्याचे दुःख आहे, आणि लोक काय म्हणतील याची भीतीही आहे. हे चारही एकाच वेळी. एकही दुसऱ्यात विरघळत नाही.

भक्तीच्या पुस्तकांत नेमका इथेच घोटाळा होतो. उत्तर सापडलेला माणूस मागे वळून आपल्या जुन्या प्रश्नांना उत्तराच्या रंगात रंगवतो, आणि मग ते प्रश्न खोटे वाटू लागतात. लक्ष्मीबाईंनी आपला जुना धर्म, जुने सोवळे, जुना हट्ट, सगळे जसेच्या तसे ठेवले. त्यांना हसल्या, पण त्यांची खिल्ली उडवली नाही. ज्या सोवळ्याने त्यांचे बालपण पोखरले त्याच सोवळ्याला त्या नवरा गेल्यावर घट्ट धरून बसतात, आणि हे लिहिताना त्यांना त्यात विसंगती वाटत नाही. वाचणाऱ्यालाही वाटत नाही. हातचे सारे गेल्यावर माणूस सवयीलाच धरतो.

काही वर्षांनी नवरा-बायको पुन्हा एकत्र आले, पण बाई ख्रिस्ती झाली नाही. नवरा मिशनचा माणूस, आणि तिचे सोवळे कायम, स्वयंपाक-पाणी वेगळे. या अवघड संसाराचे वर्णन पुस्तकात इतके सहज येते की, त्यातला विलक्षणपणा चटकन जाणवत नाही. एका छपराखाली दोन धर्म नांदताहेत, आणि त्यांच्यातली सीमा आखलेली आहे ती चूल, पाण्याचे भांडे आणि ताट यांनी. ग्रंथ नाहीत, वादविवाद नाहीत. टिळक तापट होते, पण या बाबतीत त्यांनी बायकोवर जबरदस्ती केल्याचे पुस्तकात दिसत नाही.

मग तो दिवस येतो. लक्ष्मीबाई एकट्याच विचार करत आहेत. देवाने माणूस घडवला तेव्हा स्त्री आणि पुरुष असे दोनच प्रकार केले. मग या जाती कुणी केल्या? देवाने नक्कीच नाहीत, त्या माणसाच्या. आणि माणसाच्या असतील तर त्या पाळायच्या कशाला? इतकाच विचार. यात ख्रिस्ताचे नाव पुढे नाही, पापक्षमेचा सिद्धान्त नाही, कुणा पाळकाचे प्रवचन नाही. विचार पुरा होतो आणि ठरते की, यापुढे कुणाच्याही हातचे खायचे, प्यायचे. बस्स.

हा प्रसंग पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. एक तर हा सगळा तर्क बाईने स्वतः, स्वतःच्या शब्दांत केलेला आहे. शाळेचे तोंड न पाहिलेली, नवऱ्याकडून अक्षरे शिकलेली बाई उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाच्या मुळाशी एकटी जाऊन पोचते आणि त्याचा गवगवा करत नाही. दुसरे असे की विचार आणि कृती यांच्यामध्ये ती अंतर ठेवत नाही. बहुतेकांचा विश्वास डोक्यात पालटतो, हात मागेच राहतात. माणसे समतेवर भाषण देऊन घरी येतात आणि कपबशी वेगळी ठेवतात. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात पालट हातांत होतो आणि त्याचे नाव नंतर कळते. १९०० साली राहुरीला त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण पुस्तकाच्या एकूण पसाऱ्यात तो लहानच प्रसंग आहे. वाचकाच्या दृष्टीने ती बाई ख्रिस्ती झाली ती पाण्याच्या प्रश्नापाशीच. नानांच्या घरातली लेक मनू (लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव), जिच्याभोवती सगळे जग धुऊन घेतले जात होते, ती कुणाच्याही हातचे पाणी घ्यायला तयार झाली. बाप्तिस्म्यातही पाणीच असते, हे सांगायचा मोह इथे कुणालाही झाला असता. लक्ष्मीबाईंना झाला नाही.

लूकच्या शुभवर्तमानातली ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. येशू दोन बहिणींच्या घरी येतो. मरिया त्याच्या पायांशी बसून ऐकते आणि मार्था स्वयंपाकात गुंतलेली. मार्था तक्रार करते आणि येशू मरियेची बाजू घेतो. या गोष्टीवर दोन हजार वर्षे प्रवचने होत आहेत, आणि प्रत्येक प्रवचनात स्वयंपाकघर हरते. ‘स्मृतिचित्रे’तल्या घरात पायांशी बसलेली मरिया म्हणजे टिळक आणि मार्था लक्ष्मीबाई. टिळकांना कविता सुचते, दर्शन होते, करुणा दाटून येते, आणि त्या भरात खिशातले पैसे कुणाला तरी दिले जातात. उद्याच्या धान्याचा प्रश्न मार्थेकडे. टिळक बाजारात जाणार, आणायला सांगितले ते बाजूला राहणार आणि भलतेच काहीतरी घरी येणार. टिळक दारात पाहुणे आणणार, आणि डब्यात पीठ किती आहे ते मार्थेला माहीत असणार. पॅरिसच्या मठात भांडी घासता घासता देवाच्या सान्निध्यात राहणाऱ्या ब्रदर लॉरेन्सचे नाव या विषयावर नेहमी घेतले जाते. थोर माणूस. पण त्याला संसार नव्हता, हे आपले लक्षात असू द्यावे.

मार्थेविषयी एक गोष्ट प्रवचनांत सहसा येत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात तिचा भाऊ लाजर मरतो, तेव्हा येशूला सामोरी जाते ती मार्था. मरिया घरातच बसून राहते. आणि हा देवाचा पुत्र आहे अशी स्पष्ट कबुली त्या प्रकरणात देते तीही मार्थाच. त्याआधी ती त्याला तोंडावर सुनावतेही, की तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. आधी गाऱ्हाणे, लगोलग विश्वास. लक्ष्मीबाईंची सारी वृत्ती या एका प्रसंगात सापडते. त्यांचे टिळकांवरचे प्रेम आणि टिळकांवरची चिडचिड एकाच वाक्यात नांदतात. देवाशीही त्यांचे नाते काही वेगळ्या जातीचे असेल असे मला वाटत नाही.

टिळक-दांपत्याने अनाथ मुले घरात घेतली. पुस्तकातली ही प्रकरणे भावुक होण्याची पुरेपूर संधी देतात, आणि लक्ष्मीबाई ती संधी सतत वाया घालवतात. मुलगी आली, आजारी होती, खोड्या करत होती, अमुक खात नव्हती. दया, सेवा, त्याग हे शब्द जवळजवळ कुठेच नाहीत. आहेत ती आंघोळी, औषधे, भांडणे आणि भाकऱ्या. ज्या घरात कधीकाळी मीठसुद्धा धुतले जाई, त्याच घरच्या लेकीच्या मांडीवर कुठल्या जातीची ते कुणालाच ठाऊक नसलेली पोरे आहेत, आणि ही गोष्ट तिला लिहिण्याजोगीसुद्धा वाटत नाही. अशा वेळी वाचकाने थांबून स्वतःच हिशेब मांडायचा असतो.

बालकवींच्या आठवणीही याच नजरेने वाचाव्यात. १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनात ज्याला ‘बालकवी’ हे नाव मिळाले तो त्र्यंबक बापूजी ठोमरे पुढे अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखे वागवले, त्याचे लाड केले, त्याला रागेही भरल्या. त्या घरात राहून तो हिंदूच राहिला. मिशनच्या पगारावर चालणारे घर, धर्मप्रसार हे घरधन्याचे काम, आणि ताटावर बसलेल्या पोराच्या धर्माची कुणाला घाई नाही. टिळकांनी १९१७ साली मिशनमधून बाहेर पडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाही जागा ठेवली. त्या काळच्या ख्रिस्ती वर्तुळात हा विचार धाडसाचा होता. मला मात्र वाटते की या दरबाराची तालीम आधी लक्ष्मीबाईंच्या पंगतीत झाली होती. टिळकांनी त्याला नाव दिले आणि घटना दिली.

आता भाषेविषयी. ‘स्मृतिचित्रे’तले वाक्य लहान, बोलते, थेट असते. विशेषणे मोजकी. लक्ष्मीबाई प्रसंग सांगतात आणि पुढे जातात, प्रसंगाचा अर्थ सांगायला थांबत नाहीत. एखादा कडाक्याचा तंटा सांगून झाला की, पुढच्या ओळीत कुणीतरी जेवायला बसलेले असते. तंटा कसा मिटला, कुणी माफी मागितली, याचा पत्ता नाही. क्षमेवर ख्रिस्ती धर्माइतका भर क्वचितच कुठे असेल, आणि या ख्रिस्ती पुस्तकात क्षमेचा एकही सोहळा नाही! ताट वाढले जाते. माझ्या मते लक्ष्मीबाईंचा विनोद हीच त्यांची क्षमा आहे. टिळकांच्या वेडेपणाचा प्रत्येक किस्सा सांगताना त्या पुन्हा एकदा त्यांना सोडून देतात, आणि वाचकालाही सोडून द्यायला लावतात. पण खोटे बोलत नाहीत. टिळकांचा संताप, त्यांचे न सांगता निघून जाणे, संसाराकडे पाठ फिरवणे, सारे नोंदलेले आहे. ज्या माणसाची भजने मराठी मंडळ्या आजही रविवारी गातात, त्याला त्याच्या बायकोने संत होऊ दिले नाही, हे तिचे मराठी ख्रिस्ती समाजावर मोठे उपकार आहेत. संताची भजने दुरून ऐकायची असतात. घरी पैसे विसरणाऱ्या माणसाची भजने आपणही म्हणू शकतो.

पुस्तकाला मर्यादा आहेत, त्या झाकण्यात अर्थ नाही. नगर जिल्ह्यात अमेरिकन मिशनच्या मंडळ्यांत आलेली बहुसंख्य माणसे महार-मांग समाजांतली होती. त्यांच्या विश्वासाचा इतिहास, त्यांनी गावकुसाबाहेरून देवळाच्या बाकापर्यंत केलेला प्रवास, या पुस्तकात ओझरता येतो. जे दिसते ते ब्राह्मण घरातून आलेल्या बाईच्या डोळ्यांनी. ती बाई प्रामाणिक आहे, आपला जुना विटाळ लपवत नाही, पण ज्यांचा विटाळ मानला गेला त्यांची बाजू तिला लिहिता येणार नव्हती. प्रार्थनेबद्दलही त्या फार कमी बोलतात. रात्री सारे निजल्यावर ही बाई देवाशी काय बोलत असेल, हे चार भाग वाचूनही आपल्याला कळत नाही. काही वाचकांना यामुळे पुस्तक उथळ वाटते. मला ती मर्यादा वाटत नाही. दार लावून प्रार्थना करावी असे डोंगरावरच्या प्रवचनात सांगितले आहे, आणि लक्ष्मीबाईंनी दार लावलेले आहे. चौथा भाग मात्र खरोखरच सैल आहे. १९१९मध्ये टिळक गेल्यावर पुस्तकातला कटकट्या, मोठ्या आवाजाचा सोबती जातो आणि लेखिकेला भांडायला कुणी उरत नाही. पूर्वीचा वेग पुढे कुठे कुठेच सापडतो.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट सोडले होते, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ज्याच्याकडून अक्षर ओळखायला शिकल्या त्याचाच ग्रंथ त्यांनी तडीस नेला, ही साधी गोष्ट नव्हे, आणि त्यांनी हे आपले सर्वांत मोठे धर्मकार्य मानले असेल तर नवल नाही. पण ‘ख्रिस्तायन’ आज अभ्यासकांच्या कपाटात आहे आणि ‘स्मृतिचित्रे’च्या आवृत्त्या निघतच आहेत. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी सिद्ध केलेली साक्षेपी आवृत्ती उपलब्ध आहे, शांता गोखले यांचा इंग्रजी अनुवादही २०१७मध्ये आला. नव्याने वाचणाऱ्याने पहिल्या भागातल्या नानांच्या सोवळ्यापासून सुरुवात करून राहुरीपर्यंत एका दमात यावे. मधे किस्से वेचत बसू नये, कारण किस्से सुटे वाचले की ते फक्त गमतीचे होतात. आणि घरात कुणी ऐकणारे असेल तर मोठ्याने वाचावे. हे गद्य ऐकण्यासाठी आहे, ओट्यापाशी काम करणाऱ्या माणसाला काम न थांबवता ऐकता येईल असे.